कोळंबीच्या शेपटीची साल

कोळंबीची आणि माझी पहिली भेट लॅपटॉपवर झाली. बुऱ्हाणपुरातलं आमचं घर सोवळं-ओवळं पाळणारं. नवरा कागदाच्या कारखान्यात, आणि उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही. अशा घरातल्या सुनेला नोकरी मिळाली ती कुठली, तर परदेशी जाणाऱ्या मासळीचे कस्टमचे कागद बनवणाऱ्या एका एजंटकडची. ऑफिस समुद्राकाठी, मी इथे, सगळं काम घरबसल्या. तीन महिने बघणार, मग पक्कं करणार. लग्नानंतर आठ वर्षांनी माझं स्वतःचं म्हणावं असं काहीतरी हाती आलं होतं आणि ते मला कोणत्याही परिस्थितीत सोडायचं नव्हतं.

नवऱ्याला खरं ठाऊक होतं; सासूबाईंना सांगितलं, केळी बाहेर पाठवायचे कागद आहेत. आमच्याकडे केळी म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. खरं कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटायला लावला असता, याची मला खात्री होती.

काम दिसायला सोपं. प्रत्येक मालाला एक ठरलेला क्रमांक द्यायचा. तो चुकला की माल बंदरात अडकतो. कोळंबी, खेकडे असले कवचवाले प्राणी कस्टमच्या यादीत एकतर तिसऱ्या प्रकरणात जातात, नाहीतर सोळाव्या. तिसरं म्हणजे नुसती मासळी, सोळावं म्हणजे तयार केलेला पदार्थ. मला वाटलं, एवढंच ना? चुलीवर चढलं की पदार्थ.

पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले. कवचासकट पाण्यात उकडलेली कोळंबी तिसऱ्यातच राहते. सोललेली पण कच्ची, तीही तिसऱ्यात. आणि सोललेली उकडली की चालली सोळाव्यात! ही अक्कल कुणाची, म्हणून मी नवऱ्यापुढे कागद आपटले. तो जेवता जेवता म्हणाला, "उकडलेल्या शेंगांना आपण शेंगाच म्हणतो ना? दाणे काढून मसाला लावला की मग त्याचं चाट झालं." त्याला एका घासात समजलं आणि मला आठवडाभर समजलं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

कसंबसं रुळले. तीन महिने संपायला एक दिवस उरला असताना एक माल आला: उकडलेली, सोललेली, शेपटी ठेवलेली. फोटोत अंग उघडं, गुलाबी, आणि फक्त टोकाला सालीचा एवढासा पंखा. मी अर्धा दिवस त्या फोटोकडे बघत बसले. सोललेली म्हणावी तर साल आहे. सालीसकट म्हणावी तर अंग उघडं. यादीतल्या नियमात शेपटीचं नाव नाही. शेवटी घरात जे शिकले होते त्याच बुद्धीनं ठरवलं. आमच्याकडे सोवळ्याच्या लुगड्याचा नुसता पदर कशाला लागला तरी अख्खं लुगडं ओवळं होतं. पदरापुरतं ओवळं असं काही नसतं. तर मग टोकाला साल आहे म्हणजे सालीसकट. लिहिलं तिसरं प्रकरण आणि पाठवून दिलं.

दुपारी ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला.

"तिसरं का लिहिलंत?"

"शेपटीला साल आहे म्हणून."

"तुम्ही कोळंबी कधी हातात घेतलीये का हो?"

"नाही."

"संध्याकाळपर्यंत मला नीट विचार करून क्रमांक पाठवा, आणि एका ओळीत कारण. न समजता भरलेले कागद मला चालत नाहीत. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

मी पिशवी घेतली, सासूबाईंना "भाजी आणते" म्हटलं आणि आठ वर्षं जिथून नाक दाबून गेले होते त्या मासळीच्या गल्लीत शिरले. नदीपलीकडच्या जैनाबादची एक बाई टोपलीत तापीचे झिंगे घेऊन बसली होती. कोळंबीला इथे झिंगाच म्हणतात.

"पाव किलो द्या. पण इथंच उकडून मिळतील का?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरी नही चलता क्या, बाई?"

शेजारच्या अंडेवाल्याच्या पातेल्यात तिनं ते सोडले. राखाडी होते ते बघता बघता लाल झाले; मी दचकलेच. तिनं एकाचं डोकं मोडलं, साल काढली आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

"शेपटीची राहिली," मी म्हटलं.

"ती पकडासाठी ठेवतात. झिंगा तर सोलला ना?"

"पण साल आहे की अजून."

"अहो बाई, साल कशासाठी असते? अंदरचं मांस झाकासाठी. आता कुठं झाकलंय?"

मग एक मी स्वतः सोलला. हातात घेतल्यावर फोटोपेक्षा निराळं काय कळलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण तिथेच उभी राहून मी लिहिलं: शेपटी फक्त धरण्यासाठी, मांसावरचं कवच काढलेलं, माल शिजलेला, म्हणून सोळावं. उरलेले झिंगे तिलाच देऊन टाकले. नळावर तीनदा हात धुतले, तेवढ्यात उत्तर आलं: "बरोबर. उद्यापासून तुम्ही पक्क्या." आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि लगेच हाताचा वास आला.

सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी जवळून गेले तशी त्यांनी मान वर केली.

"कशाचा वास येऊन राहिला तुझ्या हाताला?"

आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "आई, मी केळ्यांचं काम करत नाही."

"माहीत आहे मले. केळ्याला शेपटी कधी फुटली? दोन महिन्यांपासून तुझं फोनवरचं ऐकून राहिली मी, डोकं काढलं, कवच ठेवलं, अन् आज तर शेपटी."

"मग बोलला का नाहीत?"

"कागद होते ते. कागद कशाचाही असतो. आज हात लावला तू."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत जायचं की नाही, तेच कळेना. भीती वाटत होती आणि भयंकर रागही आला होता. "मग काय, नोकरी सोडू?"

"नोकरीचं कोण बोललं?"

"मग माझ्या हातचं आता तुम्हाला चालणार नाही का?"

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "डोक्यावरून आंघोळ कर. मग भाकरी टाक. भूक लागली मले."

"एवढंच?"

"मग काय तुझ्या पायी जन्मभर उपाशी बसू?"

मी न्हाणीघरात गेले आणि पहिला तांब्या ओतायच्या आधीच रडायला लागले.