एका हातातला लगाम
कामोठ्यात चपलांच्या दुकानात शिरलं आणि नव्या चामड्याचा वास आला, की मला उलव्याजवळचा तो घोडेस्वारीचा क्लास आठवतो आणि डोकं फिरतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, गावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून घोड्यावर बसायचे, डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात भगवा झेंडा. क्लासमध्येही सवयीने लगाम एकाच हातात धरला, तर इंग्लंडहून शिकून आलेल्या सरांनी सगळ्यांसमोर मला खाली उतरवलं. "हे गावठी इथे चालणार नाही, दोन्ही हातांनी धरायचा." "मग सर, झेंडा कुठल्या हातात धरायचा?" मी विचारलं. सगळे हसले आणि मला नवशिक्यांच्या रांगेत पाठवलं. क्लास सुटताना सरांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या गुराख्यांचा व्हिडिओ दाखवला. ते भरधाव निघाले होते, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात गुरांवर फेकायचा दोर. "ही वेस्टर्न स्टाइल," सर कौतुकाने म्हणाले, आणि मघाशी हसलेले सगळे माना डोलवू लागले. आजही कुणी मला विचारलं, तुमची स्टाइल कुठली, तर मी सांगते, गावठी. आणि तो हसतो का ते बघत उभी राहते.