वेस्ट मांबलमला बेचा पाढा

चेन्नईबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो. या शहरात माणसाला दिवसातून किती वेळा चपला काढाव्या लागतात, याची पूर्वसूचना कुठल्याही प्रवासपुस्तकात नाही. देवळात काढायच्या, हे मान्य. घरात काढायच्या, हेही शास्त्रसंमत. पण इथे दवाखान्यात काढतात, शिंप्याकडे काढतात आणि एका झेरॉक्सवाल्याने तर माझ्या पायांकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने वाकलो. प्रवासासाठी मुद्दाम बक्कलवाले नवे सँडल घेतले होते. पाच दिवसांत जेवढा वाकलो तेवढा तीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांपुढेही वाकलो नव्हतो. तेव्हा सल्ला पहिला : चेन्नईला जाताना नुसता पाय सरकवता येईल अशी चप्पल न्या. मी संस्कृतचा मास्तर, पादत्राणांवर याहून दीर्घ भाष्य करू शकतो, पण मग निघालो कशाला हे सांगायचं राहील.

निघालो दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्त पोस्टमास्तर. वहिनी गेल्यावर तो मुलाकडे, मंदारकडे, चेन्नईला राहायला गेला. गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. पाय बराचसा परत आला, उजवा हात अर्धामुर्धा आला, वाचा आली नाही. एकच शब्द उरला : "बरोबर." भूक लागली का? बरोबर. आज मंगळवार ना? बरोबर. ज्या माणसाने जन्मात माझं एक विधान खोडल्याशिवाय सोडलं नाही, तो आता मी काहीही म्हटलं तरी बरोबर म्हणतो. असा विजय मला नको होता.

मग मंदारचा फोन आला.

"काका, इथल्या विद्यापीठाच्या संगीत विभागाचे विद्यार्थी दर शनिवारी वेस्ट मांबलमला एक वर्ग घेतात. वाचा गेलेल्या माणसांना गायला लावतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं म्हणे. बाबा तीन वेळा गेले, पण नुसते बसून असतात. शिकवणारी मुलगी म्हणते, लहानपणी तोंडात बसलेलं काहीतरी आणा. त्यांचं लहानपण मला काय माहीत?"

"आणि मला माहीत?"

"तुम्हीच उरलात ना."

दोन दिवस बसून मी यादी केली. श्लोक, आरत्या, भूपाळ्या, आईची एक ओवी, शिवाय दादा लहानपणी दाराआडून ऐकायचा ती भोंडल्याची दोन गाणी. सगळं क्रमवार, सुवाच्य अक्षरात.

सोलापूरहून चेन्नईला जायला मुंबईहून येणाऱ्या गाड्या आहेत. संध्याकाळी बसावं, सकाळी उतरावं. थर्ड एसीचं तिकीट बाराशेच्या आसपास पडतं. महिनाभर आधी काढा, नाहीतर माझ्यासारखा दाराजवळचा बर्थ मिळतो. शेंगाचटणी आणि भाकरी बरोबर होतीच. समोरचे तमिळ गृहस्थ चटणीकडे पाहत राहिले म्हणून पुडी पुढे केली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, जरा विचार केला आणि स्वतःच्या डब्यातली इडलीची पूड काढून माझ्या भाकरीवर ठेवली. पुढचे तासभर आम्ही एकही शब्द न बोलता तौलनिक अध्ययन केलं. निर्णय लागला नाही.

स्टेशनातूनच मेट्रो मिळते. गिंडीला उतरून शोळिंगनल्लूरला रिक्षा करा. ॲपवरून बोलवा, कारण रिक्षातलं मीटर हे केवळ अलंकार म्हणून असतं. मंदारचा फ्लॅट तिथेच, अकराव्या मजल्यावर, आजूबाजूला सगळी काचेची ऑफिसं. दिवसा दादाकडे बघायला सेल्वीअम्मा असतात. त्यांना तमिळखेरीज काही येत नाही, दादाला काहीच बोलता येत नाही, त्यामुळे दोघांचं उत्तम जमतं.

मला पाहिल्यावर दादाचा चेहरा उजळला. डाव्या हाताने माझा खांदा घट्ट धरला आणि म्हणाला, "बरोबर."

त्याच संध्याकाळी मी यादी घेऊन बसलो. श्लोक म्हटले, आरत्या म्हटल्या. माझा आवाज बरा आहे असा माझा समज होता. दादाने डोळे मिटून घेतले, आमच्या शाळेतली मुलं माझ्या तासाला घेतात तसे. ओवीला एकदा ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही. स्वयंपाकघरातून सेल्वीअम्मा काहीतरी म्हणाल्या. मंदारने भाषांतर केलं : "म्हणतायत, पाहुण्यांचा घसा बसलाय, गरम पाणी देऊ का."

शनिवारी सकाळी मंदारने गाडी काढली. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगरची कपडे-दागिन्यांची गर्दी, पश्चिमेला वेस्ट मांबलम. इथे माणसं हळू चालतात आणि दर चौथ्या दुकानात पूजेचं साहित्य असतं. वर्ग एका लहान मंगल कार्यालयाच्या जेवणघरात भरतो. प्रवेश विनामूल्य, आधी नाव द्यावं लागतं. विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या मुलांना वस्तीत जाऊन शिकवणं अभ्यासक्रमातच आहे. कुणी शाळेत जातं, कुणी कोळीवाड्यात, या चौघांनी हा वर्ग घेतलाय. त्यांची म्होरकी दिव्या. चोवीसेक वर्षांची, पाठीला सॅक, आवाज घंटेसारखा.

मी मागची खुर्ची ओढली. ती समोर येऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली,

"इथे बघायला कुणी बसत नाही, सार. बसलात तर ताल धरायचा."

"मी नुसता भाऊ आहे."

"भाऊ असलात तर पुढे बसून धरायचा."

मला दादाशेजारी बसवलं. माझ्या दुसऱ्या बाजूला एक बाई होत्या, नऊवारी नव्हे, पण कुंकू आडवं. मी दादाशी मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी मान वळवली.

"तुम्ही देशाहून आलांत की? आम्ही तंजावरचे. मी सगुणाबाई. हे आमचे राव. अस्कें गातात, पण पाणी मागायला येत नाहीं." अस्कें म्हणजे सगळं, हे मला नंतर कळलं. राव खुशीत मान हलवत होते. "चाळीस वर्षें मी बोल्लें, ह्यांनी ऐकिलें. आतां हे गातात, मी ऐकतें. फिटलें, सेरी." सेरी म्हणजे तमिळमधलं 'ठीक'.

वर्ग सुरू झाला. तंबोऱ्याचा सूर मोबाइलमधून. आठ मात्रांचा ताल, मांडीवर : एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा, मग टाळी, उलटा हात, टाळी, उलटा हात. सगळे मोजत होते, ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु. पंधरा-वीस जण, कुणाचा उजवा हात गेलेला, कुणाचा डावा, पण ताल सगळ्यांचा चोख. माझा अनामिकेपाशी सुटायचा. तमिळ आकडे जिभेवर येईपर्यंत मात्रा पुढे गेलेली.

"मास्तर, तुमचा हात हरवला," सगुणाबाई म्हणाल्या.

अब्रूचा प्रश्न होता. म्हणून मी ओठातल्या ओठात जे येतं ते धरलं. बे एके बे. बरोबर चार मात्रा. बे दुणे चार, आणखी चार. ताल जुळला. आमचे वडील आम्हाला पाढे असेच म्हणायला लावायचे. छडी नव्हती त्यांच्याकडे, खांद्यावरचा पंचा मांडीवर फटकन आपटून ठेका द्यायचे. पुन्हा टाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बे त्रिक..."

शेजारून, गंजलेल्या कडीसारखा, आवाज आला. "सहा."

मी मान वळवली नाही. भीतीच वाटली. "बे चोक..."

"आठ."

बे पाचेपासून पूर्ण ओळ त्याने घेतली. तीच शाळकरी लय, 'दाहे वीस'ला तसाच खाली उतरणारा सूर. दिव्याने हात वर करून बाकीच्यांना थांबवलं, दादासमोर मांडी घातली आणि फक्त ताल धरून राहिली. दादा तीनवर गेला, चारवर गेला. हळूहळू सगळी खोली त्याच्यामागे म्हणायला लागली. वीस तमिळ आजी-आजोबा 'चार एके चार' म्हणताहेत हे दृश्य शिक्षण खात्याने बघायला हवं होतं.

"हा कुठला श्लोक, सार?" दिव्याने हळूच विचारलं.

"गणितातला," मी म्हणालो.

तेरावर मी त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणू लागलो आणि सवय गेल्यामुळे तेरा साते ब्याण्णव म्हणून बसलो. दादा थांबला. माझ्या गुडघ्यावर चापट मारली, कपाळाला आठी घातली आणि ठणकावून म्हणाला, "एक्क्याण्णव." वर्षभरात पहिल्यांदा त्याने मला चुकीचं ठरवलं. दारात उभा असलेला मंदार तोंड फिरवून बाहेर गेला. मी चष्मा पुसला. चेन्नईत दमट हवेने काचा धूसर होतात, हेही नोंदवून ठेवा.

वर्ग सुटल्यावर मी अधाशीपणा केला. "दादा, मी कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर," म्हणाला.

दिव्या चहाचे पेले गोळा करत होती. म्हणाली, "गाणं आलं म्हणजे बोलणं येईल असं मी कुणाला सांगत नाही, सार. कुणाकुणाला येतं. आज जे आलं त्यावर आज कॉफी प्या." कॉफी प्यायलो. दोन प्यायलो. मग कोपऱ्यावरच्या मेसमध्ये केळीच्या पानावर जेवलो. वाढपी पळीने रसम ओतत सुटतो, पोट भरलं की पान आपल्या बाजूला दुमडायचं, नाहीतर तो थांबत नाही. दादाने जेवताना आठचा पाढा म्हटला. वाढप्याला वाटलं, आठ वेळा भात हवाय.

रविवारी कोवलमला गेलो. शोळिंगनल्लूरहून ईस्ट कोस्ट रोडने अर्धा तास, बसही जाते. सकाळी लवकर गेलात तर होड्या लागलेल्या दिसतात आणि मासळीचा बाजार चालू असतो. आम्ही घासफूसवाले, म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांखाली चादर टाकून बसलो. कोळणी मासे वाटून टोपल्या भरत होत्या, मंदार पाण्यात पाय बुडवायला गेला होता. दादाने आपणहून पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. मी आनंदाने ताल धरला.

पण त्याचा आवाज चढत गेला. सतरा त्रिक एक्कावन्न. माझी बाही ओढली. सतरा चोक अडुसष्ट. चेहरा लाल, कपाळावर घाम. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो पाढा म्हणत नाहीये, काहीतरी सांगतोय आणि तोंडातून येताहेत ते आकडे.

"काय होतंय? छातीत दुखतंय?"

"बरोबर."

"पोटात?"

"बरोबर."

मंदार धावत आला. आम्ही दोघांनी त्याची नाडी पाहिली, पाठ चोळली, पाणी पाजलं. मंदारने रुग्णवाहिकेचा नंबर काढला. एक कोळीण टोपली ठेवून आली, आम्हा दोघांना बाजूला सारलं, दादाचा सदरा वर केला आणि बनियनमधून एक मोठा तांबडा मुंगळा चिमटीत काढून दाखवला. पाठीवर चार गांधी. ती तमिळमध्ये जे बोलली त्याचं भाषांतर मंदारने केलं नाही. दादा खदखदून हसला, मग आम्हीही हसलो, आणि परतताना रस्त्यावर तिघांनी शहाळी प्यायली.

सोमवारी गाडी धरली, मंगळवारी सोलापूर. शाळेत सगळ्यांना एक्क्याण्णवची गोष्ट सांगितली. आमच्या गणिताच्या मास्तरांची छाती दोन इंच फुगली. मंदार दर शनिवारी वर्गातून फोन लावतो आणि मी इथून एक ओळ म्हणतो, दादा तिकडून पुढची. एकोणतिसापर्यंत पोचलाय. तुमच्या घरी असं कुणी असेल आणि तुमच्या गावच्या विद्यापीठात संगीत विभाग असेल, तर जाऊन विचारा. यादी करून नेऊ नका.

हे सगळं आनंदाचं आहे आणि मी ते खोटं केलेलं नाही. पण लिहायला बसलो की ते सुरूचं झाड आठवतं. दादाला एकोणतिसाचा पाढा शेवटपर्यंत म्हणता येतो, पण छातीत दुखतंय हे सांगता येत नाही. दिवसा घरी त्याच्याजवळ ज्या बाई असतात त्यांना मराठी येत नाही. तो मोठ्याने आकडे म्हणू लागला की त्या कौतुकाने मान हलवतात. मी आठशे किलोमीटरवर आहे. पुढच्या वेळी मुंगळा नसेल, याची मला भीती वाटते.