होडीला गोडं पाणी

आमच्या होडीला गननं रंग मी मारला. आमच्या घरात हे वाक्य मोठ्यानं बोललं जायला दहा महिने लागले, म्हणून इथं पहिल्याच ओळीत लिहून टाकते. मध्येच कोणी तोंड घालायला नको.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून. बाबा एका छोट्या लाकडी होडीवर मासे मारायचे. आय लग्नाआधीपासून मिठागरात. दादा धाटावला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली, रोह्याला खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा तो झोपायला. आणि मी रोज एसटीनं जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात.

कारखान्यात आम्ही बायका मूर्ती घासायचो. सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत पॉलिश पेपर आणि धूळ. रंग फवारायची गन मात्र पुरुषांच्या हातात. मी एकदा मालकाला म्हटलं, मला शिकवा. तर हसला. "बाईला नाय झेपत गो ती." अरे मेल्या, डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर एक घेऊन मी बांधावरून मैलभर चालते, आणि वीतभर गन मला झेपत नाय? तोंडावर बोलले नाही. पण त्या दिवसापासून हात मूर्तीवर आणि डोळे गनवर. घोडा दाबायच्या आधी हात चालता पाहिजे. हात थांबला की रंगाचा ओघळ आलाच. हे मला कोणी सांगितलं नाही, मी बघून चोरलं.

कोपऱ्यात एक जुना कंप्रेसर आणि गळकी गन पडलेली. मालकाला मागितली. "घेऊन जा, तेवढीच जागा होईल," म्हणाला. पेणपर्यंत एसटीच्या टपावर टाकून आणला. कंडक्टर सगळ्या वाटेनं बडबडत होता. पेणला एका सायकलवाल्यानं गनला वायसर बसवून दिला.

आता होडीचं. आमच्याकडे सगळे श्रावणात होड्या रंगवतात, नारळी पुनवेच्या आधी. मला श्रावणात कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. बाबांची त्या वर्षी कंबर धरलेली, ब्रश घेऊन वाकणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हटलं, मे महिन्यात मी रंगवते. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. पण म्हणाले, "हीच एक हाय, गो. हिचा काय बिघडला तर खाऊ काय?" ते खरंच होतं. ती होडी म्हणजे आमचं पोट.

होडी ओढून अंगणात आणली. आधी न्हाणीच्या पत्र्यावर हात बसवला. पहिल्या दिवशी नुसते ओघळ. दुसऱ्या दिवशी खाडीचा वारा उठला आणि शेजारणीनं सुकत घातलेला अख्खा जवळा निळा झाला. तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि बरोबरच काढल्या. त्यानंतर मी पहाटे वारा पडलेला असतानाच गन धरायची. आठ दिवसांत पत्रा असा झाला की आय त्यात बघून कुंकू लावायची.

मग होडी घासली, फटी भरल्या. बोटांनी ठोकून लाकडाचा आवाज ऐकला, कारखान्यात मूर्ती वाळली की नाही ते आम्ही तसंच बघतो. ठणठणीत. मारला रंग. खाली लाल, वर निळा, काठाला पिवळी पट्टी. गावात असला सपाट रंग कोणी बघितलेला नव्हता. बाबा तिच्याभोवती कंबर धरून तीन फेऱ्या मारून आले, आणि होडी पाण्यात घातली.

नवव्या दिवशी फोड आले. अंगभर. नखानं धरलं की पापुद्रा हातात. धक्क्यावरच्या लोकांना तर काय, सण मिळाला. "काय गो, होडीला देवी आल्या काय?" बाबा घरी आले, जेवले, आणि ताट सारून म्हणाले, "माझीच चूक. पोरीच्या नादी लागलो." मला त्यांनी मारलं असतं तर चाललं असतं.

मी एक पापुद्रा घेऊन पायरीवर बसले होते. आय आली. तिनं तो उलटा केला, पाठीमागची पांढरी पूड बघितली, आणि सरळ जिभेला लावला. "मीठ हाय हे," ती म्हणाली. "लाकूड मीठ प्यायलंय. ते भायेर येतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळे श्रावणात रंगवतात, तोवर दोन महिने पावसानं होड्या फुकटात धुऊन काढलेल्या असतात. आजवर कोणाला होडी धुवावीच लागली नव्हती, त्यामुळे धुवायची असते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनाही नाही. आणि मी रंगवली मे महिन्यात, खाडीतून काढून तशीच!

म्हणजे पाणी हवं. गोडं पाणी. खारेपाटात, मे महिन्यात! दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, तो आला तर. एरवी शेजारच्या गावच्या नळापर्यंत बांधावरून चालायचं, रांगेत भांडायचं, आणि भरलेले हंडे घेऊन परत यायचं. हे काम बायकांचं. आमच्या घरातला एकही पुरुष आयुष्यात हंडा घेऊन त्या बांधावरून चाललेला नव्हता. आय तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची आणि भांड्यांचं अळवाला. तांब्याभर पाणी सांडलं म्हणून तिनं मला झोडपलेलं आहे.

त्याच बाईनं दुसऱ्या दिवशी आमचं पाण्याचं पिंप गडगडत, अंगणात परत ओढलेल्या होडीपाशी नेलं. म्हणाली, "घास तू. मी आनते." सहा दिवस आणत होती. बाबा तोंड फिरवून बसलेले, पाणी कशाला ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मिठागरातून यायची आणि हंडा उचलायची. मी काथ्यानं घासायची, ती ओतायची, लाकूड वाळलं की जीभ लावून बघायची आणि थुंकायची. "आजून खारट." त्या आठवड्यात आम्ही दोघी खाडीच्या पाण्यानं अंघोळ केली. केस नुसते सुंभ झाले. सातव्या दिवशी तिनं जीभ लावली आणि थुंकली नाही.

मी परत रंग मारला. तो पावसाळाभर टिकला, गणपतीत टिकला, दिवाळीला तसाच. बाबा खाडीत जाताना आता मान वर करून जायचे.

दिवाळीनंतर पलीकडच्या गावचा एक माणूस आमच्या ओटीवर आला. दोन होड्यांचा मालक, खाडीवर त्याच्या शब्दाला वजन. म्हणाला, शिमग्याला मला दोन्ही होड्या अशाच पायजेत. "कोनी मारलाय हा रंग?"

मी चहा घेऊन दारात आले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं डोळ्यांत बघितलं. आणि म्हणाले, "आमच्या पोरानं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी! पोरानं? जो त्या सगळ्या मे महिन्यात रोह्याला होता? ज्यानं होडी धुतली जाताना बघितलीसुद्धा नाही? आणि मी काय केलं? चहा पुढं केला. आजही त्या कपाचा राग येतो मला, त्या माणसाच्या मिशांवर उपडा करायला हवा होता. तो गेल्यावर विचारलं, बाबा, खोटं का बोललात? तर म्हणाले, "पोरीनं रंगवली म्हनून सांगू? घरात पोरगा नाय काय, असं इचारतील लोकं." संपलं. याच्यापुढं त्यांना काही सांगायचं नव्हतं.

दादा सुट्टीला आला. लाजला वगैरे काही नाही. "बाबांनी कबूल केलंय, मी काय करू? शिकव ना." मी म्हटलं, त्यापेक्षा ते कामच मला मिळवून दे की. "मी जाऊन तुझं नाव सांगू? बाबांना तोंड दाखवता येईल काय मग?"

बरं म्हटलं. शिकवलं. न्हाणीच्या त्याच पत्र्यावर, दर सुट्टीला. हात कसा चालवायचा, रंग किती पातळ करायचा, वारा कधी पडतो, पट्टी मारताना कागद कसा चिकटवायचा. गुणी विद्यार्थी होता, हात चांगला बसला त्याचा. सगळं सांगितलं त्याला, एक सोडून. विसरले नव्हते. तोंडापर्यंत आलेलं दर वेळी गिळलं. आय तिथंच मासळी साफ करत बसलेली असायची. तीही बोलली नाही.

शिमग्याला त्या दोन्ही होड्या नव्या नवरीसारख्या निघाल्या. पताका, हार, ताशा. होड्यांच्या मालकानं दादाला नारळ दिला. बाबा गर्दीत पुढं उभे. मी मागं उभी राहून दिवस मोजत होते.

बारा दिवस लागले.

मालक आला तो बांधापासूनच ओरडत आला. हातात मूठभर पापुद्रे, ते त्यानं ओटीवर भिरकावले. "तुझ्या होडीला वरीस होत आला, खरचटला नाय, आनि माझ्या दोन्ही उघड्या पडल्या! मुद्दाम केलंस काय रं?" सुट्टीला आलेला दादा भिंतीला टेकलेला. तो काय सांगणार? डोंबल! त्याला माहीतच नव्हतं. माझ्याकडे बघायला लागला. बाबा जमिनीकडे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आय उठली. परक्या पुरुषासमोर ती कधी ओटीवर यायची नाही. आली. पदर खोचलेला, हात ओले.

"आमच्या होडीचा रंग तिनं मारला," ती म्हणाली. "पानी मी वायलं. सहा दिवस. ह्यो रोह्याला होता."

मालकानं बाबांना विचारलं, "खरं काय?" बाबांनी मान हलवली, वर न बघता. शब्द नाहीच दिला. तो त्यांनी मरेपर्यंत दिला नाही.

मालक शेवटी माझ्याकडे वळला. आवाज उतरला होता. "तू करशील काय मग?"

"करीन," मी म्हटलं. "रंग मी मारीन. होड्या हितं अंगनात आना. पन आधी धुवायला लागतील, गोड्या पान्यानं. ते तुमी आनायचं."

"घरच्या बायकांना सांगतो."

"बायका नाय. तुमी. आनि ह्यो," मी दादाकडे बोट केलं. "हंड्यानं. त्या नळावरनं."

त्याला दोन उघड्या होड्या आठवल्या असाव्यात. कबूल झाला.

दुसऱ्या सकाळपासून नळावरच्या रांगेत ते दोघं, दादा कंपनीत खाडे करून. बायकांनी त्यांना पुढं घुसू दिलं नाही, हे सांगायला नकोच. दादाला डोक्यावर चुंबळ ठेवता येईना, अर्धं पाणी बांधावरच सांडायचं. मालक धोतर वर खोचून, दर पन्नास पावलांवर हंडा खाली ठेवत. खाडीवरची होडकी थांबवून लोक बघत होते. चौथ्या दिवशी बाबाही कळशी घेऊन आले, कंबर धरून, न बोलता. मी त्यांना नको म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी लाकडाला जीभ लावली. गोडं होतं, दोन्ही होड्यांचं. मी थुंकले.

"आजून खारट हाय," म्हटलं. "आना आनखी. आनि होडीपाशी नको आता. तिकडं आयच्या पिंपात वता, मी घेईन त्यातलं लागेल तसं."

आय दारात उभी होती. तिनं पुढं होऊन पिंपाचं झाकण काढलं. तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत ते काठोकाठ भरलं.