शेजारच्या सिस्टरबाई

‘नाही’ हा शब्द ज्यांना ऐकूच येत नाही अशा बाई जगात एकच झाल्या, आणि त्या नेमक्या आर्वीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. एरवी त्यांचे कान तिखट होते. आमच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तर तिकडून हाक यायची, “सूनबाई, गॅस बंद कर!” पण “सिस्टर, आज स्कूटर देता येणार नाही,” असं मी सांगितलं की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा, हात पुढे यायचा आणि किल्ली त्यांच्याकडे जायची. स्कूटर त्यांना चालवता येत नसे. म्हणजे किल्लीबरोबर मीही जायचो.

त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या आणि आमच्या पलीकडच्या चर्चच्या आवारात एक खोली घेऊन राहिल्या. आता प्रार्थना करतील, फुलझाडं लावतील, अशी माझी समजूत होती. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक बाई हात मोडून त्यांच्या वॉर्डात आली होती. तिसऱ्यांदा. दर वेळी नवरा सांगे, जिन्यावरून पडली. सिस्टरबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं, “हिच्या गावात जिनाच नाई, मंग ही जिन्यावरून पडते कशी?” डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, बाई परत गावी गेली. ती गोष्ट त्यांच्या डोक्यात रुतून बसली होती. चर्चच्या मागे दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मार खाऊन आलेल्या बायांसाठी त्या द्या, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं. पाळकसाहेब तरुण आणि भित्रे. “पंचांना विचारतो,” म्हणाले. “विचारा नं,” सिस्टरबाई म्हणाल्या, आणि पंच विचार करत होते तोवर त्यांनी तिथे दोन खाटा टाकल्या, चूल मांडली आणि एक बाई आणूनही ठेवली.

त्या चर्चची मंडळी म्हणजे जेमतेम वीस-बावीस घरं. त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी कामाला जुंपलं. एका घरचं धान्य, दुसऱ्या घरचं दूध, पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांना फाटकावर खुर्ची. मी त्या मंडळीतला नव्हे. घराला लागूनच आमचं कापडाचं दुकान, घरात देव्हारा. त्याचा मला काही उपयोग झाला नाही. माझ्या दुकानातला फोन कधी त्या खोल्यांचा झाला ते मला कळलंच नाही. गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवावी आणि फोन वाजावा, “सिस्टर आहेत काय?” मग मी गादीवरून उठून भिंतीवरून हाका मारायच्या. त्या येत, बोलत, आणि जाताना गिऱ्हाइकाला सांगत, “हा रंग जाते, बाई. तो निळा घे.”

एकदा माझ्या बायकोने मोठ्या मनाने जुन्या साड्यांचं गाठोडं तिकडे पाठवलं. अर्ध्या तासात गाठोडं परत. सिस्टरबाई ओसरीवर बसल्या आणि एक एक साडी उलगडू लागल्या. “सूनबाई, हा पदर पाह्य. हे नेसून तू बाजारात जाशीन काय?”

“नाही, पण घरात नेसायला...”

“तिले घरच नाई राह्यलं. अन् उद्या कोर्टात उभं राहा लागते.”

बायको आत गेली आणि दिवाळीची नवीकोरी साडी घेऊन आली. माझ्याच दुकानातली. मी काही बोलायच्या आत ती साडी भिंतीपलीकडे गेली होती.

हे सगळं मी वैतागून का होईना, सोसत होतो. पण मग मंदा आली. तळेगावच्या बाजूची, कडेवर लहान मुलगी, एक डोळा सुजून मिटलेला. तिचा नवरा बडा शेतकरी, दारात जीप. माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याच लग्नाचा सगळा बस्ता मी बांधून दिला होता. त्याने चार ठिकाणी निरोप पेरले, की चर्चवाल्यांना बघून घेतो. पंच घाबरले. त्यांची बैठक झाली, आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असं पाळकसाहेबांनी सिस्टरबाईंना खाली मान घालून सांगितलं. त्या मंदाच्या मुलीची वेणी घालत होत्या. “बरं,” म्हणाल्या आणि वेणी पुरी केली.

पुढच्याच रविवारी, उपासनेची घंटा व्हायच्या बेताला, जीप फाटकाशी येऊन थांबली. नवरा आणि सोबत तिघे. मी नेमका तिथे होतो, आदल्या दिवशी सिस्टरबाईंकडेच राहिलेली स्कूटरची किल्ली परत मागायला. सिस्टरबाई पांढऱ्या साडीत बाहेर आल्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला फाटकात उभं केलं.

“मी कशाला?” मी कुजबुजलो.

“तू जाडा आहेस. फाटक भरून जाते.”

नवऱ्याने मला ओळखलं. “शेठ, तुम्ही काऊन मधात पडता? हा आमच्या घरातला मामला आहे.”

मला घाम फुटला होता. बाजूला व्हावंसं फार वाटत होतं, पण मनगट अजून सुटलं नव्हतं. मागे पाहिलं तर पोस्टाचे काका खुर्चीवरून उठले होते. मग गीतांची पुस्तकं हातात तशीच धरून बाया बाहेर आल्या, मग पुरुष, आणि सगळ्यांत शेवटी पाळकसाहेब. ते चालत आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“माह्या बायकोले बाहेर काढा,” नवरा ओरडला.

“तिले विचारतो,” सिस्टरबाई म्हणाल्या. “येतो म्हटली तर मी स्वतः जीपमधी बसवून देतो.”

त्या आत गेल्या. आम्ही सगळे उभे. मंदा पडवीत आली, खांबाला धरून. मुलगी तिच्या पदरात. नवऱ्याकडे न बघता ती काहीतरी पुटपुटली.

“मोठ्यानं बोल,” सिस्टरबाई म्हणाल्या. “याले ऐकू नाई आलं.”

मंदाने मान वर केली. “मी नाई येत!” तो आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली.

नवऱ्याने शिव्या दिल्या, जीपला लाथ मारली, एक दगड चर्चच्या खिडकीवर घातला आणि गेला. काच फुटली. पाळकसाहेबांनी काचा पायाने कडेला सारल्या. मग म्हणाले, “चला, उपासना सुरू करू.” खोल्या रिकाम्या करण्याची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही. दुपारी सिस्टरबाईंनी मंदाला पोलीस ठाण्यात नेलं. स्कूटरवर तिघं बसत नाहीत, हे माझं म्हणणं त्यांना ऐकू आलं नाही.

ते गिऱ्हाईक माझं कायमचं तुटलं. मंदा पुढे वर्ध्याला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, मुलगी तिथेच शाळेत जाऊ लागली. सिस्टरबाईंनी मात्र मला आणखी वीस वर्षं पिडलं. मग आंघोळीला जाताना पाय घसरला, खुबा मोडला आणि भाची त्यांना नागपूरला घेऊन गेली.

मी भेटायला गेलो. पलंगावर बसूनच त्या भाचीच्या मोलकरणीला रागावत होत्या. फार वाळल्या होत्या. मला पाहून आधी विचारलं, “खोल्यात कोण आहे सध्या?”

“कोणी नाही, सिस्टर. वर्ध्याला आता सरकारी मदतीचं मोठं निवाराघर झालं. खोल्यांना कुलूप आहे.”

“काऊन? आर्वीत कोणाले मार नाई पडत काय आता?”

मी पिशवीतली संत्री काढून त्यांच्या उशाशी ठेवू लागलो.

“मार खाल्लेली बाई वर्ध्याच्या यष्टीची वाट पाहत बसन काय?” त्या म्हणाल्या. मग दम लागला म्हणून डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोप लागली. मी उठलो तेव्हा डोळे न उघडताच बोलल्या, “पाळकाले सांगजो, खाटा उन्हात टाकायच्या. ढेकूण होतात.”

मी घरी येऊन पाळकसाहेबांना सांगितलं. तेही आता पिकले होते. आम्ही दोघांनी धापा टाकत खाटा अंगणात काढल्या. दिवसभर त्या उन्हात पडून होत्या. माझ्या बायकोने भिंतीवरून दोन धुतलेल्या चादरी दिल्या, चांगल्यातल्या. संध्याकाळी आम्ही खाटा आत नेल्या, चादरी अंथरल्या. दार ओढून घेतलं. कुलूप पाळकसाहेबांच्या हातात होतं. त्यांनी ते तसंच खिशात टाकलं.