शुक्रवारची बंद तिजोरी

मुरबाडच्या ठाण्यात मी फौजदार असताना हाताळलेले एक प्रकरण इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. युद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. टोकावड्याच्या रस्त्यावर तिघा भागीदारांची भातगिरणी होती. कारभार पाहणारे थोरले शेठ देवीचे भक्त. शुक्रवार लक्ष्मीचा वार, त्या दिवशी तिजोरी उघडायची नाही. मजुरीची रक्कम आत ठेवून बंद तिजोरीला हळदकुंकू वाहायचे, आणि मजुरी शनिवारी वाटायची, हा त्यांचा नियम.

एका गुरुवारी खबऱ्याने सांगितले की, तिजोरीची चावी सांभाळणारे गिरणीचे दिवाणजी दर आठवड्याला याच संध्याकाळी उपरण्याखाली पिशवी लपवून घरी नेतात. वाटेत अडवले. पिशवीत त्यांच्या पगाराच्या कितीतरी पट पैसे निघाले, बहुतेक चिल्लर. पंचनामा झाला, शेठनी फिर्याद दिली. दिवाणजींचा जबाब दोन वाक्यांचा: "पैसे शेठचे आहेत. मी चोरलेले नाहीत." पुढे तोंड उघडेनात. मुलगी लग्नाची, शिक्षा झाली तर घर बसले असते. मला चिल्लर खटकत होती. चोर ओझे नेत नाही.

शुक्रवारी सकाळी गिरणीत भात पाखडणाऱ्या दहा-बारा बायका रिकाम्या टोपल्या घेऊन ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसल्या. हवालदार हाकलून थकला. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, "दिवानजीला सोड रे सायबा. बाजार उठला तर आठवडाभर मीठ कुठून आनू?"

"मजुरी शनिवारी मिळते ना?"

"शनवारी आमी नुसता आंगठा देतो. पैसं तो आज देतो, त्याच्या घरी. बाजार शुक्रवारचा. शनवारी पैसं घेऊन काय चाटायचं?"

मजुरीची वही मागवली. नावे जुळली, पिशवीतली रक्कमही जुळली. मग शेठना बोलावून दिवाणजींसमोर बसवले. किती दिवस चालले आहे, असे शेठनी विचारले. चार वर्षे, दिवाणजी म्हणाले. त्याच चार वर्षांत, दर शुक्रवारी रिकाम्या तिजोरीची पूजा होत असताना, गिरणीत दुसरे यंत्र आले होते.

"चोरी नाय केलीत, दिवाणजी. पण मी कशाची पूजा करत होतो, ते तरी सांगायचं."

"मजुरी बाजाराआधी देऊ का, विचारलं होतं, शेठ. तुम्ही कानांवर हात ठेवलेत."

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल मी वर पाठवला. शेठनी मजुरीचा वार गुरुवार केला. शुक्रवारचा नियम सोडला नाही. दिवाणजींना कामावर ठेवले. तिजोरीची चावी मात्र परत दिली नाही.

पुढे कोणत्याही पेढीचा तपास आला की माझ्या वहीत पहिल्या दोन ओळी ठरलेल्या असत: मालक कोणत्या वारी पैसा काढत नाही, आणि कामगारांचा बाजार कोणत्या वारी. मुरबाडला मी हे गुरुवारीच विचारले असते, तर त्या भल्या माणसाची एक रात्र कोठडीत गेली नसती.