दफेदारांची घोडी आणि फुटबॉलचं मैदान

समस्त लहानथोरांस कळविण्यात येते की, ग्वाल्हेर संस्थानाची अखेरची सलामी कोणाला दिली गेली, या अत्यंत गंभीर प्रश्नाचा निकाल आज येथे लागणार आहे. जाणकार मंडळी निरनिराळे दरबार आणि निरनिराळी नावं सांगतात. ती सगळी मंडळी चुकतात. अखेरची सलामी संस्थान विलीन होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर, कंपूच्या, म्हणजे जुन्या छावणीच्या, मागल्या गवतात, भर दुपारी वाजली. मी तिथे जातीनं हजर होतो. अर्ध्या चड्डीत हजर होतो, आणि झालेला घोळ बऱ्याच अंशी माझ्याच हस्ताक्षरात होता.

माझे काका रिसाल्यात दफेदार होते. आमचे कोणी पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले, आणि तेव्हापासून घरात जो जन्मला तो घोड्यावरच बसला. घराण्यात पहिला खाली उतरलो तो मी, आणि उतरलो तो थेट कारकुनाच्या खुर्चीत. काकांनी हे मला कधी माफ केलं नाही.

विलीनीकरणात रिसाला मोडला. जवान घोडे नव्या फौजेत गेले, वय झालेल्यांचा लिलाव झाला, आणि त्या लिलावातून काका आपलीच घोडी विकत घेऊन घरी आले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घोडीला ते ‘बाई’ म्हणत आणि अहोजाहो करत. सकाळी उठल्याबरोबर कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिच्यापुढे धरत आणि विचारत, “बाई, झोप लागली का?” माझी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, “भाऊजी, या घरात बाया दोन, अहोजाहो मात्र एकीलाच.”

बाई चरायला जात रमण्यात. रमणा म्हणजे रिसाल्याच्या घोड्यांसाठी राखून ठेवलेलं कुरण. नाल्याच्या काठानं पसरलेलं, सपाट, सगळं गाव करपलं तरी हिरवं राहणारं. घोडे गेले, गवत राहिलं. आता ते कोणाचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संस्थान होतं तोवर ते संस्थानाचं होतं. मग मध्यभारत झालं. त्याची राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, त्यामुळे रमण्याची फाईल नेहमी आगगाडीत असे. पुढे मध्यभारतही गेलं, मोठं नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि फाईलसुद्धा तिच्या मागोमाग गेली असावी असा अंदाज होता.

मालक नाही असं पाहून आमच्या फुटबॉल क्लबाच्या मनात आलं की इथे स्टेडियम व्हावं. क्लबाचा चिटणीस मी. गोलकीपरही मीच, कारण त्या जागी उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

हा विषय निघाला गणपतीत, मराठी मंडळाच्या सभागृहात, आरतीनंतर प्रसादाचं ताट फिरत असताना. बाजू मांडायला आमचे वकीलसाहेब उठले. त्यांचे आजोबा दरबारात मोठे कामदार होते, त्यामुळे ते साधा चहा मागतानासुद्धा निवाडा दिल्यासारखा मागत.

“सज्जनहो,” ते म्हणाले, “प्रगतीच्या वाटेत गवत उगवलेलं आहे.”

“मग वाट बदला,” काका मागून म्हणाले. “गवत आधी आलंय.”

आमचा कप्तान तापट. तो मराठी सुरू करी आणि तापला की हिंदीत जाऊन पडे. “काका, तुम्ही समजून घ्या ना. सगळ्या मोठ्या शहरांत स्टेडियम आहे. आपणच क्या गुनाह किया है?”

“आणि माझ्या घोडीनं काय केलाय? ती विकत घेतलेल्या कडब्यावर जगायची नाही. मुरारचा तो टांगेवाला दोनदा येऊन तिचे दात बघून गेलाय. रमणा गेला की बाई टांग्याला. सरळ हिशेब आहे.”

मग कोणीतरी मागून खडा टाकला, “दफेदारसाहेब, घोडी पेन्शनर झाली, आता गवत कशाला? तुमच्यासारखं दूधभात द्या की!”

शास्त्रीबुवा काकांच्या बाजूचे. रमण्यात एक शमीचं झाड होतं आणि दसऱ्याला सगळी मंडळी तिथेच जात. “स्टेडियममध्ये सीमोल्लंघन करायचं म्हणजे तिकीट काढावं लागेल काय?” असं त्यांनी विचारलं, आणि सभा टाळ्यांत आणि मोदकांत बुडाली.

ठराव झाला नाही. ठरलं इतकंच, की दोन्ही बाजूंनी सरकारकडे अर्ज करावेत.

आमच्या बाजूचा अर्ज चिटणीस या नात्यानं मी लिहिला. ही जमीन कशी ओसाड आणि कशी निरुपयोगी पडली आहे, ते मी अशा भाषेत मांडलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जावी. दुसऱ्या दिवशी काका पडवीत येऊन बसले.

“लिही.”

“काय?”

“आमचा अर्ज. मला बंदूक चालवता येते, हिंदी अर्ज चालवता येत नाही.”

“काका, मी विरुद्ध पक्षाचा आहे.”

“असशील. पण तू माझं मीठ खातोस आणि अक्षर तुझं बरं आहे.”

मी लिहिलं. चार ओळी नुसते किताब, मग ही जमीन कशी सुपीक, कशी उपयोगी आणि मुक्या जिवांना कशी आधार आहे ते. दोन्ही अर्ज लिफाफ्यांच्या एकाच गठ्ठ्यातून, एकाच शाईनं, एकाच दिवशी गेले. खरं सांगतो, लिहून झाल्यावर मला दोन्ही पटले होते.

हिवाळ्यात उत्तर आलं. नव्या सरकारचे एक साहेब जागा पाहायला येणार. वकीलसाहेबांनी ठरवलं की साहेबांना गवत दाखवायचंच नाही, सामना दाखवायचा. रमण्याचा मधला भाग कापून चुन्याच्या रेघा मारल्या. शामियाना आला, खुर्च्या आल्या. मानाची एक उंच खुर्ची वकीलसाहेबांनी स्वतःच्या घरून आणली. आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून बँड निघाला. जुन्या संस्थानी बँडातले सहा निवृत्त वाजवणारे, त्यांचे बँडमास्तर, आणि कुलूपबंद पेट्यांतून काढलेले लाल कोट. त्यातले दोन कोट पुढून मिटत नव्हते.

साहेब मोटारीतून उतरले. बिचारे नर्मदेकडचे, सभ्य, नम्र गृहस्थ. उजव्या हातात त्यांची हॅट. ते मानाच्या खुर्चीपाशी आले, आणि बँडमास्तरांनी काठी उचलली.

काय वाजवायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोठे लोक मोठ्या खुर्चीपाशी आले की काय वाजवायचं, हे त्यांना आयुष्यभर एकच ठाऊक होतं. त्यांनी संस्थानची सलामी सुरू केली.

सगळे ताठ उभे राहिले. सगळे उभे म्हणून साहेबही उभे राहिले. सलामीचा रिवाज असा होता, की मानाच्या खुर्चीपाशी जे उभे असतील त्यांनी उजवा हात वर करावा, मग बँडनं थांबावं, मग सगळ्यांनी बसावं. साहेबांना याची काय कल्पना! त्यांचा उजवा हात हॅट धरून खालीच. बँडमास्तरांची नजर त्या हातावर. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत कर्णेवाल्याचा श्वास संपला, पण हात काही वर जाईना. वकीलसाहेब ओठ न हलवता पुटपुटत होते, “बसा, साहेब, बसा.” साहेबांना वाटलं, राष्ट्रगीताच्या तोलाचं काहीतरी आहे. ते आणखीच ताठ झाले.

आणि तेवढ्यात नाल्याकडून बाई आल्या.

त्या तिथे निवांत चरत होत्या. सलामी कानावर पडली आणि त्यांनी मान वर केली. रिसाल्याच्या रांगेत उजव्या टोकाची पहिली घोडी ती. सलामी वाजली की आपण कुठे असायला हवं, हे तिला कोणी विसरायला सांगितलं नव्हतं. ती दुडकत आली, आमच्या नव्या कोऱ्या चुन्याच्या रेघा ओलांडल्या, मैदानाच्या बरोबर मध्यावरच्या वर्तुळात थांबली, आणि चारही पाय जुळवून, मान उंच करून उभी राहिली. पाठीवर खोगीर नाही, शेपटीत कुसळं.

काका शामियान्याच्या कडेला विरोधी पक्षाचे म्हणून उभे होते. ते निघाले. धोतरात, काठी टेकत निघाले आणि काठी न टेकता पोचले. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभे राहून त्यांनी सलाम ठोकला. मी गोलपोस्टाखालून पाहत होतो. कप्तान माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, “यार, आपण हरलो.”

पाचव्या फेरीला बाईंच्या लक्षात आलं असावं की नेहमीसारखं काहीतरी होत नाहीये. पूर्वी दसऱ्याला सलामी झाली की रांगेतल्या पहिल्या घोडीला मानाच्या खुर्चीकडून गुळाचा खडा मिळे. त्याला इतका उशीर कधी झाला नव्हता. तेव्हा त्या स्वतःच तो घ्यायला निघाल्या. सरळ शामियान्यात शिरल्या आणि साहेबांच्या कोटाच्या खिशात त्यांनी नाक घातलं.

साहेब दचकले. हॅटसकट त्यांचा उजवा हात वर गेला.

बँड थांबला. सगळे धपाधप बसले. इतक्या नेमक्या वेळी संस्थानात कधी काही झालं नसेल.

साहेब हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तबकातला पेढा त्यांनी घोडीला दिला. मग त्यांनी दोन्ही अर्ज मागवले. चष्मा लावून एक वाचला, दुसरा वाचला, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

“ये दोनों एक ही हाथ के लिखे हैं?”

शामियान्यातली झाडून सगळी डोकी गोलपोस्टाकडे वळली. मी हातमोजे काढून पुढे गेलो.

“जी, साहब.”

“एका जागी जमीन ओसाड आहे, दुसऱ्या जागी नंदनवन. खरं कोणतं?” हे त्यांनी हिंदीतच विचारलं, पण इतक्या सौम्यपणे की मला ते आठवतं मराठीत.

“साहेब, एक क्लबाच्या वतीनं आहे, एक काकांच्या.”

ते काकांकडे वळले. “घोडी की उमर?”

“माझ्याएवढी, साहेब,” काका म्हणाले. “घोड्यांच्या हिशेबानं.”

साहेबांनी पेन काढलं. “स्टेडियम तो भोपाल तय करेगा,” ते म्हणाले, “और भोपाल को अभी अपनी कुर्सियाँ नहीं मिली हैं. जब तक ये घोड़ी है, ये ज़मीन चरागाह है. शाम को लड़के खेल लें.” आणि दोन्ही अर्जांवर त्यांनी एकच ओळ लिहिली. वकीलसाहेबांनी ती वाचून उसासा टाकला, शास्त्रीबुवांनी वाचून नमस्कार केला.

काकांना आधी कळलंच नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं, “काका, बाई राहिल्या. टांगा नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घोडीच्या शेपटीतली कुसळं काढत बसले, बराच वेळ.

सामना मग झालाच. आलेल्या साहेबांना काहीतरी दाखवायला हवं होतं. काकांनी घोडी माझ्या गोलपोस्टामागे बांधली आणि स्वतः तिथेच गवतात बैठक मारली. जन्मात त्यांनी फुटबॉल पाहिला नव्हता. “ज्याच्या मागे धावायचं त्यालाच लाथ मारायची, हा कसला खेळ?” हे त्यांचं मत आमच्या सगळ्या लष्कर भागाला पाठ होतं. पण त्या दिवशी ते डोळे फाडून बघत होते.

पहिल्या अर्ध्या तासात माझ्याकडे एकच चेंडू आला. मऊ, सरळ, लहान मूल अडवील असा. मी त्याच वेळी मागे वळून पाहत होतो, कारण बाईंनी आमची जाळी चघळून तिला भगदाड पाडलं होतं. चेंडू माझ्या दोन्ही पायांमधून, मग त्या भगदाडातून गेला आणि घोडीच्या खुरांपाशी जाऊन थांबला. तिनं तो हुंगला आणि एका पायानं शांतपणे परत मैदानात ढकलला.

सगळा रमणा माना उंचावून पाहू लागला. साहेबसुद्धा खुर्चीतून अर्धे उठलेले. आणि तेवढ्यात, सरकार, दरबार, शास्त्रीबुवा, कोणाचीही भीड न ठेवता, आमचे दफेदार काका गुडघ्यांवर हात मारून ओरडले, “अरे गाढवा, तू बाजूला हो! बाईंना उभं कर!”