मोएलागीने चटई उचलली तेव्हा

मोएलागी माझी मोठी जाऊ. आमच्या गावच्या महिला समितीत रक्तदाबाचा वर्ग ती घ्यायची, आणि तोही काठी घेऊनच. दंडाला पट्टा बांधून आकडा सांगितला, गोळ्या कधी घ्यायच्या ते बजावलं, की समिती घराघरांतल्या चुली तपासायला निघे. खारवलेल्या मांसाची बादली दिसली की हिची लाथ बसलीच. एकदा पाद्रीबुवांच्या चुलीवरचं पातेलं तिने अंगणात भिरकावलं. सामोआतल्या पुरुषांची डोकी नुसत्या समजावण्याने ठिकाणावर येत नाहीत, असं तिचं मत होतं. माझंही तेच आहे.

तिचा जीव टांगणीला लागला होता तो धाकट्या भावासाठी. तुआओई शेजारच्या गावचा मुखिया. दाब एवढा चढलेला की कधी काय होईल सांगता येत नाही, असं नर्सने बजावलं होतं. आणि हा दिलेल्या गोळ्या कोंबड्यांपुढे टाकायचा.

आमच्या सासऱ्यांच्या मयताला तो आला. मयतात खारं मांस मानाप्रमाणे वाटतात, मोठ्या माणसाला मोठा वाटा. मोएलागीने वाटणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, भावाला मांस देऊ नका. भर सभेत तुआओईपुढे मासळी आणि अळूचे कंद आले. कोणीतरी फिसकन हसलं.

"मी काय बाळंतीण आहे?" तो उठलाच.

"मीच सांगितलं," मोएलागी मध्ये आली. "मरशील रे अशाने. बस खाली."

"ताई, बाजूला हो. चार गावांत माझं नाक कापलंस."

"नाक घेऊन काय करशील? तूच राहणार नाहीस."

त्याने वाटणाऱ्याचं तोंड फोडलं. मग मांस तोडायचा कोयता उचलला. हिने हात धरला, त्याने हिसडा दिला, आणि कोयत्याची मूठ हिच्या कपाळावर बसली. रक्ताने डोळे भरले. आमच्यात बहिणीवर हात उगारण्याइतकं मोठं पाप नाही. आमच्या पुरुषांनी त्याला बाहेर ओढून लाथांनी तुडवला, त्याची गाडी पेटवून दिली. उद्या घर जाळतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटा आला आणि आमच्या दारापुढे डोक्यावरून बारीक विणीची चटई घेऊन बसला. क्षमा अशीच मागतात. ज्याला लागलं त्याने येऊन चटई उचलली की मिटलं. तोवर कोयते घेतलेले पुरुष भोवती उभे. एकाने दगड मारला, तो चटईवर धप्पकन बसला. तुआओई हलला नाही.

"वहिनी, उचला आता. ऊन तापलंय," मी म्हटलं.

"बसू दे. कोंबड्यांना गोळ्या घालतो ना? तापू दे जरा."

राग उतरायला दुपार झाली. मग ती पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन गेली, चटई उचलली. तुआओई एका अंगावर कलला. तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती.

"दोन्ही हात वर कर," ती म्हणाली, अर्धांगाचा झटका कसा ओळखायचा ते वर्गात बायकांना शिकवते तशी.

एकच वर आला.

"दुसरा. अरे, दुसरा कर."

तो तिच्याकडे बघत ओठ हलवत राहिला, शब्द येईना. मोएलागीने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. एक शब्द तरी बोल, एक शब्द, म्हणत ती मारतच राहिली. शेवटी आम्ही तिघीचौघींनी तिला ओढून बाजूला केलं.